विजेची बस आणि पांच मिनिटांची भरणी

विजेवर चालणारी बस ही पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. पुणें महानगर परिवहन महामंडळानें फेब्रुवारी २०१९ मध्यें अशा पहिल्या २५ गाड्या रस्त्यावर आणल्या, आणि त्यांना वीज पुरविण्याची सोय एका टोंकास भेकराईनगर व दुसऱ्या टोंकास निगडी येथील डेपोंत करण्यांत आली. अर्थात् या औद्योगिक नगरीचा या गाडीशीं परिचय अगदीं पहिल्या दिवसापासूनचा आहे. पुढें मार्च २०२२ मध्यें बाणेर येथें खास विजेच्या गाड्यांचा डेपो सुरू झाला व आणखी १०० गाड्यांची भर पडली. धूर नाहीं, इंजिनाची घरघर नाहीं, गिअर बदलतांना बसणारा हिसका नाहीं. तेव्हां उतारूंच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रश्न सुटल्यासारखाच आहे. परंतु गाड्या चालविणाऱ्या संस्थेच्या दृष्टीनें खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ही गाडी विजेनें भरावयाची कोठें, केव्हां आणि किती वेळांत?

डिझेलच्या गाडीच्या बाबतींत हा प्रश्न कधीं फारसा पडला नाहीं. दहा मिनिटांत टांकी भरली कीं दिवसाची चिंता मिटली. विजेचें तसें नाहीं. वीज ही ओतण्याची वस्तु नव्हे. ती बॅटरींत हळूहळू मुरवावी लागते. ही मुरवणी करण्याच्या आज दोन रीति आहेत. गाडींत मोठी बॅटरी बसवावयाची, ती रात्रीं डेपोंत पांचसहा तास सावकाश भरावयाची, आणि त्या पुंजीवर गाडीनें दिवसभराचें काम उरकावयाचें, ही पहिली रीति. दुसऱ्या रीतींत बॅटरी लहान असते. परंतु मार्गाच्या दोन्ही टोंकांस, क्वचित् मधल्या थांब्यांवरही, मोठ्या शक्तीचे चार्जर उभारलेले असतात आणि गाडी प्रत्येक फेरीनंतर पांचसात मिनिटांत आपली उणीव भरून काढते. पहिली गाडी दिवसभराची शिदोरी बांधून निघालेल्या वाटसरूसारखी आहे. दुसरी हात मोकळे ठेवून निघते आणि वाटेंत मुक्काम लागेल तेथें चार घांस खाते. दुसरीच्या पाठीवर ओझें नसतें हें खरें. परंतु तिला वाटेंत खाणावळ लागलीच पाहिजे, आणि ती वेळेवर उघडीही असली पाहिजे.

वस्तुतः सार्वजनिक गाडी विजेनें चालविणें ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं सुरू झाली व १९६४ पर्यंत चालली. १९६२ ते १९७१ या काळांत तेथें ट्रॉलीबसही धांवत होती. तिला रूळ नव्हते, परंतु डोक्यावर तारा होत्या. या गाड्यांना वीज सांठवून ठेवण्याचें कारणच नव्हतें, कारण ती त्यांना पावलोपावलीं मिळत होती. मात्र जेथें तार नाहीं तेथें गाडी नाहीं, हें बंधन त्यांच्या कपाळीं कायमचें होतें. बॅटरीच्या गाडीनें हें बंधन तोडलें. लवकर भरणारी गाडी ही या दोहोंच्या मधली आहे. तिनें तार साऱ्या रस्त्यावरून काढून फक्त मुक्कामाच्या जागीं ठेविली. म्हणूनच ट्रामचा कांहीं गुण आणि कांहीं दोष तिच्या अंगीं उतरलेला आहे.

आतां थोडा हिशेब पाहणें इष्ट होईल, कारण या विषयांत मतभेद पुष्कळदां हिशेब न केल्यामुळेंच होतात. घरच्या विजेच्या बिलावर जें ‘युनिट’ असतें, तेंच माप येथेंही लागू आहे. बारा मीटर लांबीची वातानुकूलित बस शहराच्या रहदारींत किलोमीटरमागें साधारणतः एक ते दीड युनिट वीज खाते. मध्यम मान म्हणून सव्वा युनिट धरलें, तर दिवसाला २०० किलोमीटर धांवणाऱ्या गाडीस २५० युनिटें लागतील. रात्रीच्या सहा तासांत ही भरणी करावयाची झाल्यास दर गाडीस सुमारें ४२ किलोवॅट शक्ति पुरते. आतां दुसरी बाजू अशी. ३०० किलोवॅटच्या चार्जरखालीं गाडी पांच मिनिटें उभी राहिली, तर तिला २५ युनिटें मिळतात. म्हणजे २० किलोमीटरांची सोय होते. ६०० किलोवॅटच्या चार्जरखालीं ती केवळ पंधरा सेकंद थांबली, तर अडीच युनिटें, म्हणजे दोन किलोमीटरांची सोय होते. उतारूंची चढउतार होते तेवढ्या अवधींत पुढच्या दोन किलोमीटरांची वीज मिळाली, तर त्यास चमत्कारच म्हणावयाचा. हा चमत्कार खरा आहे. परंतु त्याची किंमत दोन ठिकाणीं मोजावी लागते : एक बॅटरीमध्यें आणि दुसरी विजेच्या जोडणीमध्यें.

प्रथम बॅटरीचा विचार करावा. लिथियमच्या बॅटरींत दोन ध्रुवांमधून लिथियमचे सूक्ष्म विद्युत्भारित कण इकडून तिकडे जात-येत असतात. भरणी होतांना हे कण एका ध्रुवांतून निघून दुसऱ्याच्या थरांत शिरतात. हें शिरणें बेताच्या गतीनें झालें तर प्रत्येक कणास जागा सांपडते. घाई केली कीं दारापाशीं गर्दी होते. कांहीं कण आंत न जातां पृष्ठावरच धातूच्या रूपानें बसतात, उष्णता वाढते आणि बॅटरीचें आयुष्य घटतें. शिवाय बॅटरी सुमारें ऐंशी टक्के भरल्यावर उरलेला भाग हळूहळूच भरावा लागतो. ‘पांच मिनिटांत भरते’ असें जेव्हां जाहिरातींत म्हटलेलें असतें, तेव्हां तिचा मधला कांहीं भाग भरतो इतकाच त्याचा अर्थ घ्यावयाचा असतो.

सर्व बॅटऱ्या सारख्याच नाजूक नसतात. सध्यां बसगाड्यांत लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी बरीच प्रचारांत आहे; ती टिकाऊ, तुलनेनें सुरक्षित व स्वस्त आहे, परंतु फार मोठी घाई तिला मानवत नाहीं. लिथियम-टायटनेट जातीची बॅटरी अति जलद भरणी हजारों वेळां सोसते. मात्र ती महाग असून तितकीच वीज सांठविण्यास तिचें वजन सुमारें दुप्पट होतें. यावरून बॅटरी लहान केली म्हणजे गाडी आपोआप हलकी व स्वस्त होते, हा समज अर्धाच खरा ठरतो. लोह-फॉस्फेटची ३०० युनिटांची बॅटरी काढून त्याच जातीची १०० युनिटांची बसविली, तर सुमारें दीड टन वजन कमी होतें. म्हणजे वीसबावीस उतारूंच्या वजनाइतकी बचत होते. परंतु जलद भरणीसाठीं टायटनेटची निवड केली कीं त्यांतील बराच भाग परत जातो.

हवामानाच्या बाबतींत मात्र पिंपरी-चिंचवड भाग्यवान आहे. थंड देशांत पारा शून्याखालीं उतरला कीं बॅटरी जलद भरणें धोक्याचें होतें व गाडी ऊब देण्यांतच पुष्कळ वीज खर्च होते. येथें ती अडचण नाहीं. येथील अडचण उलट प्रकारची आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं पारा चाळीस अंशांकडे झुकतो, वातानुकूलनास वीज अधिक लागते, आणि त्याच वेळीं तापलेली बॅटरी आणखी तापविणारी जलद भरणी करावयाची असते. म्हणून बॅटरीस पाण्याच्या नळ्यांनीं थंड ठेवण्याची व्यवस्था नीट असणें ही येथें चैन नसून गरज आहे.

दुसरी किंमत विजेच्या जोडणीची. कारखानदारांच्या या प्रदेशांत ती समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहींत. मोठ्या ग्राहकास विजेचें बिल केवळ वापरलेल्या युनिटांवर येत नाहीं. एका क्षणीं जास्तींत जास्त किती शक्ति लागेल याचा जो करार केलेला असतो, त्या ‘मागणी’वरही आकार पडतो. चार्जर दिवसांतून दहा मिनिटें चालो कीं दहा तास चालो, हा आकार चुकत नाहीं. त्यामुळें मोठ्या शक्तीच्या चार्जरची स्थिति घाण्याच्या बैलासारखी आहे : फिरला तरी वैरण, उभा राहिला तरी वैरण. ज्या मार्गावर दर सहा मिनिटांस एक गाडी येते, तेथें ३०० किलोवॅटचा एक चार्जर जवळजवळ अखंड कामांत राहतो आणि त्याचा आकार शेंकडों फेऱ्यांवर वांटला जातो. जेथें अर्ध्या तासास एक गाडी येते, तेथें तोच चार्जर तासांतील पन्नास मिनिटें रिकामा राहून खर्च मात्र पुरा मागतो. जलद भरणीच्या योग्यायोग्यतेची पहिली कसोटी म्हणजे मार्गावरील गाड्यांची दाटी. शहर मोठें आहे कीं लहान, श्रीमंत आहे कीं गरीब, हे प्रश्न त्यानंतरचे.

जगांतील अनुभव या कसोटीस पुष्टि देतो. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरानें २०१३ मध्यें थांब्यावर पंधरावीस सेकंदांत भरणाऱ्या गाडीचा प्रयोग केला आणि पुढें विमानतळाकडून निघणाऱ्या २३ क्रमांकाच्या मार्गावर ती पद्धति कायम केली. तेथें सुमारें पन्नास थांब्यांपैकीं तेरा थांब्यांवर ६०० किलोवॅटचे चार्जर आहेत. टर्मिनसवर गाडी चारपांच मिनिटें थांबून पुरती भरते. हा मार्ग वर्दळीचा, ठरीव आणि जोडबसचा आहे, हें विसरतां कामा नये. याउलट चीनमधील शेन्झेन शहरानें २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या, त्या मुख्यतः मोठ्या बॅटरीच्या आणि डेपोंत भरणाऱ्या. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फूटहिल ट्रान्झिट या संस्थेनें २०१० मध्येंच पोमोना गांवीं दहा मिनिटांत भरणाऱ्या गाड्या चालू केल्या होत्या. त्या गाड्या बनविणाऱ्या प्रोटेरा कंपनीनें ऑगस्ट २०२३ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला. वरून जोडली जाणारी ती चार्जरची रचना त्या कंपनीची स्वतःची होती. बस बारा वर्षें चालावयाची असते. तिचें तोंड एकाच कारखान्याच्या खाणावळीस लागू पडणारें असेल आणि ती खाणावळच बंद पडली, तर काय होईल हें यावरून उघड होतें.

भारतांतही निरनिराळे प्रयत्न चालू आहेत. अहमदाबादच्या जलद बसमार्गावर २०१९ मध्यें बॅटरीच बदलून देण्याची पद्धति आणली गेली. गाडी भरावयाचीच नाहीं, रिकामी पेटी काढून भरलेली बसवावयाची, अशी ही युक्ति होती. नागपूर येथें सव्वाशेंहून अधिक आसनांची, थांब्यावर क्षणांत भरणारी जोडबस चालविण्याची योजना केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीं जाहीर केली आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळानें १ जून २०२२ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची गाडी सुरू केली. याच मार्गावर १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी धांवली होती. लांबच्या मार्गावर थांबे थोडे व अंतर मोठें असल्यामुळें तेथें मोठी बॅटरी आणि शेवटच्या स्थानकावर तास-दीड तासाची मध्यम भरणी हाच मेळ बसतो.

आतां पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्याकडे वळावें. पिंपरींत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं उभा राहिला. पुढें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्यें स्थापना झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी हीं गांवें कारखान्यांनीं भरून गेलीं, आणि १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. त्यानंतर उद्योगांचा ओघ इंद्रायणीपलीकडे सरकला. चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गांवांच्या शिवारांत बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ अशांचे मोटारींचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. राहणें नदीच्या अलीकडे आणि काम पलीकडे, अशी हजारों कामगारांची दिनचर्या झाली. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील दोन वेगळ्या परिवहन संस्था २००७ मध्यें एक होऊन आजचें महामंडळ बनलें, तेव्हां ही सारी जबाबदारी एकाच संस्थेकडे आली. याच पट्ट्यांत किमान तीन निराळ्या स्वभावाचे बसमार्ग सांपडतात, आणि प्रत्येकाचें उत्तर निराळें आहे.

पहिला प्रकार निगडी-दापोडी या राजरस्त्याचा. जुन्या मुंबई-पुणें महामार्गावर बससाठीं राखून ठेविलेली ही सुमारें बारा किलोमीटरांची वाट २०१८ मध्यें खुली झाली. फेरी पंचवीस किलोमीटरांची, म्हणजे सुमारें ३१ युनिटांची. ३०० किलोवॅटच्या चार्जरखालीं सहासात मिनिटांचें काम. गाड्यांची दाटी आहे, वाट राखीव आहे, वेळापत्रक पाळतां येण्यासारखें आहे. कागदावर पाहतां जलद भरणीस याहून योग्य मार्ग सांपडणें कठीण. तथापि याच रस्त्यावरून मार्च २०२२ पासून मेट्रो धांवूं लागली, २९ सप्टेंबर २०२४ रोजीं ती स्वारगेटपर्यंत पोंचली, आणि पिंपरीहून निगडीपर्यंतच्या विस्तारास २०२३ मध्यें मंजुरी मिळाली आहे. मेट्रो निगडीस पोंचल्यावर लांबचे उतारू तिच्याकडे वळणार हें उघड आहे. तेव्हां आज दाटी आहे म्हणून कोट्यवधि रुपयांचे चार्जर तेथें रोवावे, आणि उद्यां दाटीच दुसरीकडे जावी, असा प्रसंग येणार नाहीं याची आधीं खात्री करून घेतली पाहिजे.

दुसरा प्रकार मेट्रो-स्थानकाला जोडणाऱ्या आंखूड मार्गांचा. नाशिक फाटा किंवा पिंपरी येथील स्थानकांतून बाहेर पडलेल्या उतारूस भोसरी, चिखली, मोशी, पिंपळे सौदागर अशा भागांत जावयाचें असतें. सातआठ किलोमीटरांचे असे पांचसहा मार्ग एकाच ठिकाणीं येऊन मिळाले, तर प्रत्येक मार्गावर दर वीस-पंचवीस मिनिटांसच गाडी असली तरी त्या एका चौकांत दर चारपांच मिनिटांस एक गाडी येऊन उभी राहते. म्हणजे एकट्या मार्गाजवळ जी दाटी नाहीं, ती संगमाजवळ असते. येथें एकदोन जलद चार्जर अनेक मार्गांना पुरतात आणि गाडींत लहान बॅटरी चालते. मार्ग बदलले तरी संगम बदलत नाहीं, कारण मेट्रोचें स्थानक हलत नाहीं. या साऱ्या पट्ट्यांत जलद भरणीचा पाया घालावयाचा, तर तो अशाच जागीं घालणें शहाणपणाचें होईल.

तिसरा प्रकार चाकणचा, आणि तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. नाशिक फाट्याहून चाकण सुमारें वीस किलोमीटर. या रस्त्यावरील गर्दी दिवसभर सारखी नसते. ती पाळ्यांच्या भोंग्याबरोबर येते आणि ओसरते. पाळी सुरू होण्यापूर्वी सर्व गाड्या एकाच अर्ध्या तासांत कारखान्यांच्या दारीं पोंचल्या पाहिजेत, आणि पाळी सुटल्यावर त्याच अर्ध्या तासांत परत निघाल्या पाहिजेत. वीस गाड्यांचा ताफा आहे असें समजावें. जाऊनयेऊन ४० किलोमीटर, म्हणजे दर गाडीस ५० युनिटें; ३०० किलोवॅटच्या चार्जरला एका गाडीस दहा मिनिटें लागतील. एकच चार्जर असेल तर शेवटच्या गाडीची पाळी तीन तासांनंतर येईल. चार चार्जर बसविले तरी पाऊण तासाहून अधिक वेळ जाईल, आणि ते चारही चार्जर उरलेला दिवस स्वस्थ बसून राहतील. म्हणजे ज्या घटकेस घाई आहे त्या घटकेस जलद चार्जर अपुरा, आणि ज्या घटकेस तो पुरेसा आहे त्या घटकेस घाईच नाहीं!

मग रात्रीची सावकाश भरणी योग्य म्हणावी काय? तेथेंही एक अडचण आहे. इतर शहरांत रात्रीं बस झोंपते. चाकणमध्यें तिसरी पाळी असते. मध्यरात्रीच्या सुमारास दुसऱ्या पाळीचे कामगार घरीं न्यावयाचे असतात आणि पहाटे पहिल्या पाळीचे आणावयाचे असतात. अशा गाडीस रात्रीं सलग सहा तास मिळत नाहींत. तिला खरा विसावा मिळतो तो दोन पाळ्यांच्या मधल्या वेळांत, विशेषतः सकाळीं नऊ-दहापासून दुपारीं दोन-अडीचपर्यंत. तीन पाळ्यांच्या तीन फेऱ्या धरल्या तर दिवसाचें धांवणें १२० किलोमीटर व गरज १५० युनिटें. साध्या ६० किलोवॅटच्या चार्जरवर हें अडीच तासांत उरकतें. न तापणारी, स्वस्त, बॅटरीचें आयुष्य न खाणारी अशी ही भरणी आहे, आणि ती भर दुपारीं होते.

भर दुपारीं, ही गोष्ट अलीकडे फार महत्त्वाची झाली आहे. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त व दिवसाची महाग असा सर्वत्र समज होता. सूर्यशक्तीवर निर्माण होणारी वीज वाढली तसा हा हिशेब उलटूं लागला. केंद्र सरकारनें २०२३ मध्यें ग्राहकांच्या हक्कांविषयींच्या नियमांत सुधारणा करून असें तत्त्व घालून दिलें कीं, राज्याच्या नियामक आयोगानें ठरविलेल्या दिवसाच्या आठ ‘सूर्यतासां’त विजेचा दर नेहमींपेक्षां किमान २० टक्के कमी असावा व गर्दीच्या तासांत तो अधिक असावा. ज्या वेळीं चाकणच्या गाड्या रिकाम्या उभ्या असतात, त्याच वेळीं वीज स्वस्त, असा हा योग आहे. विजेप्रमाणें आपला आठवडा बसविण्याची या प्रदेशाला जुनी संवय आहे. विजेचा भार निरनिराळ्या दिवशीं वांटला जावा म्हणून पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांची सुटी रविवारऐवजीं गुरुवारीं ठेवण्याची रीत पडली, ती अनेक ठिकाणीं अद्याप चालू आहे. आठवडा बसविणाऱ्यांना दिवसाचे तास बसविणें अवघड जाऊं नये.

मात्र यासाठीं एक अट आहे. गाड्या चाकणच्या बाजूसच उभ्या करून भरतां आल्या पाहिजेत. दुपारची भरणी करण्यासाठीं रिकामी गाडी निगडीपर्यंत हांकीत नेली आणि परत आणली, तर चाळीसपन्नास किलोमीटरांची वीज व चालकाचे दोन-तीन तास फुकट जातात. शिवाय चाकण चौकांतील वाहनांच्या कोंडींत एक भर पडते ती निराळीच. म्हणून या मार्गासाठीं भारी शक्तीच्या चार्जरपेक्षां औद्योगिक वसाहतींत दोनचार एकरांचें आवार, त्यांत साधे चार्जर, चालकांना विसाव्याची खोली आणि जमल्यास वर सूर्यपत्र्यांचें छप्पर, हीच खरी गरज आहे. जागा मिळविणें हें यंत्र मिळविण्यापेक्षां कठीण असतें. परंतु प्रश्न जागेचा असतांना उत्तर यंत्रांत शोधणें म्हणजे पैसा व वेळ दोन्ही घालविणें होय.

चार्जर जमिनींत रोवला कीं रोवला, ही गोष्ट या पट्ट्यांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरांवर आठपदरी उन्नत मार्ग बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें ऑगस्ट २०२४ मध्यें मंजुरी दिली. असें बांधकाम सुरू झालें म्हणजे थांबे हलतात, वळणरस्ते निघतात, मार्ग वर्षानुवर्षें बदलत राहतात. अशा रस्त्याच्या कडेस थांब्याथांब्यावर चार्जर उभारणें म्हणजे वाळूंत खांब रोवणें होय. आणखी एक उदाहरण दरवर्षींचें आहे. आषाढींत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करून याच जुन्या महामार्गानें दापोडीकडे जाते. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी दिघीच्या वाटेनें पुण्यांत येते. त्या दिवशीं राजरस्ता वारकऱ्यांचा असतो आणि बस आडवाटेनें न्यावी लागते. जी गाडी दर फेरीस ठराविक चार्जरखालीं आलीच पाहिजे, ती त्या दिवशीं लंगडी पडते. म्हणून जलद भरणीच्या गाडींतही एका फेरीपुरती नव्हे, तर निदान तीनचार फेऱ्या पुरेल इतकी पुंजी ठेवावी. वीज गेली, चार्जर नादुरुस्त झाला, तरी उतारू वाटेंत अडकणार नाहींत.

राहतां राहिला कराराचा भाग. हल्लीं बहुतेक शहरांत गाड्या खासगी संस्थेच्या असतात आणि परिवहन महामंडळ त्यांना किलोमीटरमागें ठरलेला दर देतें. केंद्र सरकारच्या २०२३ व २०२४ सालच्या योजनांनीं हजारों गाड्या याच पद्धतीनें शहरांना मिळावयाच्या आहेत. या करारांत बॅटरी केवढी, चार्जर कोठें, हें ठरविण्याचें काम कित्येकदां गाडीवाल्याकडे जातें. आणि त्याचें हित किलोमीटर भरण्यांत असतें. शहराचें हित योग्य घटकेस योग्य ठिकाणीं गाडी असण्यांत असतें. हीं दोन्ही हितें एक व्हावीं, तर निविदा काढण्यापूर्वींच प्रत्येक मार्गाची फेरी किती, गाड्या किती मिनिटांस, रिकामा वेळ केव्हां व कोठें, विजेची जोडणी किती दूर, या चार प्रश्नांचीं उत्तरें संस्थेनें स्वतः लिहून काढलीं पाहिजेत. तसेंच चार्जरचें तोंड सर्वमान्य प्रमाणाचें असावें, म्हणजे एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या चार्जरवर भरतां येईल. वाहनांची पारख करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालची संस्था पुण्यांतच असून तिचें एक केंद्र चाकणमध्यें आहे. म्हणजे सल्ला व कसोटी यांसाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

तात्पर्य, लवकर भरणारी बस चांगली कीं वाईट, असा प्रश्न विचारणेंच बरोबर नाहीं. जेथें गाड्यांची दाटी आहे, मार्ग ठरीव आहे आणि संगम कायमचा आहे, तेथें ती उत्तम. जेथें गर्दी भोंग्याबरोबर येते आणि गाडीला मध्यें विसावा असतो, तेथें साध्या चार्जरचें आवार अधिक उपयोगी. जेथें अंतर लांब आहे, तेथें मोठी बॅटरी व मध्यम भरणी. एकाच शहरांत हीं तिन्ही उत्तरें शेजारीशेजारी नांदूं शकतात, आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यांत तीं तशींच नांदावीं लागतील. चार्जर किती सेकंदांत भरतो ही मोजदाद कारखान्यानें करावी. शहरानें मोजावयाचें तें इतकेंच, कीं मध्यरात्रीं दुसरी पाळी सुटल्यावर महाळुंग्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कामगारासमोर गाडी भरलेली आणि निघण्यास तयार असते कीं नाहीं. ती नसेल तर तो दुसऱ्या दिवशीं उसनवारीनें मोटारसायकल घेतो, आणि एकदां बस सोडून गेलेला उतारू परत मिळविणें हें कोणत्याही चार्जरच्या शक्तीबाहेरचें काम आहे.